घरून होणारी ऑनलाइन विक्री : मालाची साठवण व शिल्लकेची नोंद

शेतात पिकलेला माल बाजार समितीच्या आवारात नेऊन एका दिवसात विकण्याची पद्धत शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेली आहे. सौदा होतो, वजन होते, पट्टी हाती पडते आणि मालाची जबाबदारी तेथेच संपते. अलीकडे पुष्कळ शेतकरी कुटुंबे व स्त्रियांचे बचतगट आपल्या मालाचा काही भाग राखून ठेवतात, त्याची हळदपूड, डाळ, गूळपूड, मसाला असा पक्का माल तयार करतात आणि मोबाइलवरून थेट ग्राहकास विकतात. या विक्रीत भाव बरा मिळतो हे खरे. परंतु शेवटचे पाकीट रवाना होईपर्यंत सर्व माल विक्रेत्याच्याच घरी राहतो, हा तिचा दुसरा विशेष पुष्कळदा ध्यानात घेतला जात नाही. शेतकरी येथे केवळ उत्पादक राहत नाही. कोठावळा, हिशेबनीस व माल रवाना करणारा कारकून ही तिन्ही कामे त्याच्या घरावर येऊन पडतात.

या कामात नुकसान दोन वाटांनी होते. एक तर घरात असलेला माल ओल, कीड वा मुदत संपल्यामुळे वाया जातो. दुसरे असे की, घरात नसलेला माल मोबाइलवर 'उपलब्ध' म्हणून दिसत राहतो, ग्राहक पैसे भरतो आणि मागाहून त्याची मागणी रद्द करावी लागते. पहिल्याने भांडवल बुडते, दुसऱ्याने नाव जाते. दोन्ही टाळण्याचा उपाय मात्र एकच आहे : फडताळातील पाकिटे, वहीतील शिल्लक व मोबाइलवरील आकडा हे तिन्ही सदैव एक असावेत. हे कसे साधावे याचे विवेचन पुढे केले आहे. हळद हे उदाहरण मुख्यत्वे घेतले असले तरी पद्धत इतर मालासही लागू पडते.

जुनी कोठारे व नवी गरज

धान्य साठविण्याचे शास्त्र महाराष्ट्रास नवे नाही. शेणामातीने लिंपलेल्या कणग्या, भिंतीतील बळदे आणि जमिनीतील पेवे ही त्याची साक्ष होत. सांगलीजवळच्या हरिपूर येथील हळदीची पेवे प्रसिद्ध आहेत. तेथील जमिनीत खोल खणलेल्या पेवांत हळकुंडे भरून तोंड मातीने बंद करीत. आत हवा व ओल शिरत नसल्यामुळे माल दीर्घकाळ कीड न लागता टिकत असे. 2005 सालच्या महापुरात यांपैकी पुष्कळ पेवांत पाणी शिरून मोठी हानी झाली. चांगल्यातल्या चांगल्या कोठारासही पाण्यापासून धोका असतो, हा त्यातील धडा आजही उपयोगी आहे.

पेवाचे तत्त्व असे की, एकदा बंद केलेले तोंड माल विकेपर्यंत उघडू नये. ऑनलाइन विक्रीत मात्र दररोज पाच-दहा पाकिटे काढावी लागतात. प्रत्येक वेळी मोठी कोठी उघडली तर दर खेपेस ओलसर हवा आत जाते. यास्तव साठवणीचे दोन भाग करावेत : कच्च्या मालाचे कोठार, जे क्वचितच उघडावयाचे, आणि तयार पाकिटांचे फडताळ, जे रोज उघडावयाचे. दळण व भरणी एका वेळी सुमारे दोन महिने पुरेल इतकीच करावी. हळकुंडापेक्षा पूड लवकर ओल धरते व तिचा रंग आणि वासही लवकर उतरतो. म्हणून जितका माल अखंड रूपात राहील तितका बरा.

जागेची निवड

स्वतंत्र खोली नसेल तर घरातील एक कोरडा कोपरा पुरेसा होतो. तो न्हाणीघर, मोरी व चूल यांपासून दूर असावा. पोती वा डबे थेट जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवावेत आणि भिंतीपासून हातभर अंतर सोडावे. त्यामुळे भिंतीची ओल लागत नाही, झाडलोट करता येते आणि उंदराची वाट नजरेत राहते. पूररेषेजवळच्या गावांत पावसाळ्यापूर्वी माल माळ्यावर वा वरच्या मजल्यावर हलवावा. कोकणात व घाटमाथ्यावर पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की, उघड्या डब्यातील पूड काही दिवसांत गोळा होते. तेथे हवाबंद डब्यांवाचून गत्यंतर नाही.

शेतकऱ्याच्या घरी एक धोका विशेष असतो, तो म्हणजे कीटकनाशकांच्या बाटल्या, खते व औषध चोळलेले बियाणे यांची खाण्याच्या मालाशी सरमिसळ. या वस्तू त्याच खोलीत कोणत्याही सबबीवर ठेवू नयेत. कीटकनाशकाची रिकामी बाटली वा बियाण्याची रिकामी पिशवी मालासाठी वापरू नये. रॉकेल, साबण व उदबत्ती यांचा वास हळदपूड आणि मसाला चटकन ओढून घेतात, म्हणून त्याही दूर असाव्यात.

पदार्थपरत्वे काळजी

हळद : नीट वाळलेले हळकुंड मोडताना खणखणीत आवाज करते, लवचीक लागल्यास ते पुन्हा उन्हात घालावे. अन्न सुरक्षेच्या मानकांप्रमाणे हळदपुडीत ओलावा 10 टक्क्यांहून अधिक असता कामा नये. हळदीचा पिवळा रंग कुरकुमिन या द्रव्यामुळे येतो व प्रकाशात ते हळूहळू नाश पावते. म्हणून पारदर्शक पिशवी दिसावयास आकर्षक असली तरी पुडीस अपारदर्शक पाकीट अधिक हितकर होय.

तूर व इतर कडधान्ये : भुंगेऱ्याची मादी शेतातील शेंगांवर व कोठारातील दाण्यांवरही अंडी घालते. त्यामुळे वरून स्वच्छ दिसणारे दाणे घरी आल्यावर किडतात. अनुकूल हवेत भुंगेऱ्याची एक पिढी सुमारे महिन्याभरात पुरी होते, म्हणून दुर्लक्ष झालेली एक पिशवी दोन-तीन महिन्यांत सारे कोठार किडवू शकते. कडधान्य कडक वाळवावे. दाणा दातांखाली कट्‌कन फुटला पाहिजे. अखंड दाण्यापेक्षा डाळीस हा भुंगेरा कमी लागतो व डाळीस खाद्यतेलाचा हात देण्याची जुनी रीतही उपयुक्त आहे. मात्र तेल लावलेल्या डाळीच्या पाकिटावर तसा उल्लेख करावा.

गूळ : गूळ हवेतील ओल शोषून घेतो व पावसाळ्यात पाझरू लागतो. ढेपा पावसाळ्यापूर्वीच हवाबंद कराव्यात. गूळपुडीची पाकिटे भरण्याचे काम कोरड्या दिवशी करावे. पावसाच्या झडीत भरलेले पाकीट आतली ओल घेऊनच बंद होते.

विषारी गोळ्या घरात नकोत

कीड दिसताच बाजारातून धुरीच्या गोळ्या आणून पोत्यांत टाकण्याचा प्रकार काही ठिकाणी आढळतो. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या या गोळ्यांतून फॉस्फिन हा अत्यंत विषारी वायू निघतो व बंद घरात तो झोपलेल्या माणसांचे प्राण घेऊ शकतो. या औषधाच्या वापरावर कायद्याने निर्बंध असून ते प्रशिक्षित व अधिकृत व्यक्तींच्या देखरेखीखालीच वापरावयाचे आहे. राहत्या घरात त्याची धुरी मुळीच देऊ नये. घरगुती साठवणीत कोरडेपणा, स्वच्छता आणि हवाबंद डबा वा बहुपदरी हवाबंद पिशवी हेच खरे संरक्षण होय. उंदरांसाठी पिंजरा लावावा. विषारी आमिष खाण्याच्या मालाजवळ ठेवू नये.

किती माल राखावा

हळदीचे पीक वर्षातून एकदाच येते. म्हणून बाजारात किती विकावे व घरी किती राखावे हा निर्णय सुगीच्या वेळीच घ्यावा लागतो. राखलेल्या मालात कुटुंबाचे पैसे अडकून पडतात. तेच पैसे पुढील हंगामाच्या खतबियाण्यास हवे असतात. केवळ उमेदीवर अधिक माल राखणे यास्तव धोक्याचे असते.

समजा, एका कुटुंबाने 1 एप्रिल रोजी 5 क्विंटल हळकुंडे विक्रीसाठी राखली. निवड, दळण व भरणी यांतील घट वजा जाता दर क्विंटलास 95 किलो पूड पाकिटांत पडते असे धरल्यास एकूण 475 किलो, म्हणजे 250 ग्रॅमची 1900 पाकिटे होतील. मागील वर्षाच्या वहीवरून रोजची सरासरी विक्री 6 पाकिटे असल्यास हा माल सुमारे 316 दिवस, म्हणजे फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पुरेल. त्या सुमारास नव्या हळदीची काढणी चालू असली तरी ती शिजवून, वाळवून, पॉलिश करून पूड तयार होण्यास अवधी लागतो. तेवढे दिवस दुकान रिकामे राहील. म्हणजे आणखी सुमारे पाऊण क्विंटल राखावयास हवे होते. उलट रोजची विक्री 3 पाकिटांचीच असेल, तर निम्म्याहून थोडा कमी माल वर्षअखेर पडून राहील व त्यात अडकलेली रक्कम वर्षभर हाती येणार नाही. हा हिशेब अंदाजाने होत नाही, त्यास मागील विक्रीची नोंद लागते. पहिल्या वर्षी अशी नोंद नसते, तेव्हा थोडाच माल राखून प्रारंभ करावा.

बॅच क्रमांक

प्रत्येक दळणास एक बॅच क्रमांक द्यावा. हळदीच्या तिसऱ्या दळणास 'ह-3' असे साधे नावही चालेल. तो क्रमांक पाकिटावर, खोक्यावर व वहीत सारखाच असावा. त्याच्यासमोर हळकुंडे कोणत्या शेतातील, दळण कोठे व केव्हा झाले आणि किती पाकिटे भरली हे लिहून ठेवावे. एखाद्या ग्राहकाने पुडीस वास येतो असे कळविल्यास त्याच बॅचची उरलेली पाकिटे तत्काळ बाजूस काढता येतात. क्रमांक नसल्यास सर्वच माल संशयास्पद ठरतो.

बचतगटात अनेक घरांचा माल एकत्र येतो, तेथे तर ही पद्धत अपरिहार्य आहे. सांगलीच्या हळदीस 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते नाव व चिन्ह वापरण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. अशा मालात बाहेरगावची हळद मिसळली गेली नाही हे दाखविण्याचे साधन बॅचची नोंद हेच होय.

पाकिटावर पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, करांसह कमाल किरकोळ किंमत, भरणीची व मुदतीची तारीख, बॅच क्रमांक, शाकाहाराचे हिरवे चिन्ह, उत्पादकाचे नाव व पत्ता, तक्रारीसाठी संपर्क आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी क्रमांक ही माहिती छापलेली असावी. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 अन्वये घरगुती प्रमाणावरील विक्रेत्यासही नोंदणी करावी लागते.

आधी मुदत संपणारा आधी जावा

फडताळात नवी पाकिटे मागून भरावीत व जुनी पुढून काढावीत. ज्या बॅचची मुदत आधी संपते तीच आधी बाहेर पडली पाहिजे. घाईत वरचे पाकीट उचलले जाते आणि खालची पाकिटे वर्षभर तशीच राहतात, हा नेहमीचा अनुभव आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑनलाइन बाजार चालविणाऱ्यांस असे सांगितले की, माल ग्राहकाच्या हाती पडताना त्याची किमान 30 टक्के किंवा मुदतीपूर्वीचे 45 दिवस इतकी मुदत शिल्लक असावी. घरगुती विक्रेत्याने याहून थोडा कडक नियम पाळणे सोयीचे : मुदतीचा एक-तृतीयांश भाग उरला की ती बॅच ऑनलाइन विक्रीतून काढावी. बारा महिन्यांची मुदत असल्यास आठ महिन्यांच्या आत माल जावयास हवा. उरलेली पाकिटे मुदतीच्या आत स्थानिक बाजारात वा घरच्या वापरात लावावीत. जुन्या पाकिटावर नवी तारीख चिकटविणे हा अपराध आहे व ग्राहकाची फसवणूकही आहे.

शिल्लकेची वही

नोंदीसाठी संगणकच हवा असे नाही. रकाने आखलेली साधी वही पुरते; मोबाइलवरील तक्ता वापरता आल्यास बेरीज-वजाबाकी आपोआप होते इतकेच. प्रत्येक पदार्थास व प्रत्येक वजनाच्या पाकिटास स्वतंत्र पान द्यावे. 250 ग्रॅम व 500 ग्रॅम यांची नोंद एकत्र करू नये. नमुन्यादाखल एका पानावरील नोंदी अशा दिसतील :

हळदपूड 250 ग्रॅम, बॅच ह-3
1 तारीख : आवक 380, शिल्लक 380
2 तारीख : रवाना 7, शिल्लक 373
3 तारीख : रवाना 5, फुटले 1, शिल्लक 367
4 तारीख : रवाना 9, शिल्लक 358
5 तारीख : रवाना 4, घरी वापरले 1; शिल्लक 353

शेवटच्या नोंदीकडे विशेष लक्ष द्यावे. पाहुण्यास भेट दिलेले, शेजारी उसने नेलेले वा स्वयंपाकघरात गेलेले पाकीट बहुधा कोणी लिहीत नाही आणि तफावतीचे मूळ पुष्कळदा तेथेच असते. घरच्या वापरास बंदी नको, परंतु नोंद हवी. वही फडताळाजवळच दोरीने बांधून ठेवावी व पाकीट उचलण्यापूर्वी आकडा लिहावा. रात्री एकदम लिहू म्हटले की विसर पडतो. नोंदीची जबाबदारी घरातील एकाच व्यक्तीकडे असावी व तिच्या अनुपस्थितीत कोणी लिहावयाचे तेही ठरलेले असावे.

रवानगीच्या वहीत ग्राहकाच्या राज्याचाही रकाना ठेवावा. 1 ऑक्टोबर 2023 पासून, नोंदणीच्या उलाढाल-मर्यादेखालील व केवळ आपल्याच राज्यात माल पुरविणाऱ्या लहान विक्रेत्यांस ऑनलाइन बाजारामार्फत विक्री करतानाही वस्तू व सेवा कराच्या सक्तीच्या नोंदणीतून ठरावीक अटींवर सवलत मिळते. परराज्यात ऑनलाइन बाजारामार्फत माल पाठविण्यापूर्वी जाणकाराचा सल्ला घेणे म्हणूनच इष्ट होय.

मोबाइलवरील आकडा

एकच माल दोन ऑनलाइन बाजारांत व शिवाय ओळखीच्या ग्राहकांस संदेशावरून विकला जातो, तेव्हा खरी गफलत होते. फडताळात 40 पाकिटे असताना दोन्हीकडे 40 असा आकडा दिल्यास विक्रेत्याने 80 पाकिटांचे वचन दिल्यासारखे होते. सोपा मार्ग असा की, 40 पैकी 25 एकीकडे व 10 दुसरीकडे दाखवावीत आणि 5 राखीव ठेवावीत. फुटलेल्या पाकिटाची भरपाई व ओळखीच्या ग्राहकाची मागणी त्या राखीव पाकिटांतून भागते. रोज ठरावीक वेळी, कुरियरचा माणूस येऊन गेल्यावर, वही पाहून आकडे दुरुस्त करावेत. मागणी येताच ती पाकिटे वेगळ्या टोपलीत काढावीत, म्हणजे एकच पाकीट दोघांच्या नावे लागत नाही.

नवे दळण केव्हा करावे

रोजची सरासरी विक्री 6 पाकिटे आहे. निवड, गिरणीतील पाळी, भरणी व चिठ्ठ्या लावणे यांस 10 दिवस लागतात. तेवढ्या अवधीत 60 पाकिटे जातील. वीज गेली, गिरणी बंद पडली वा मागणी वाढली तर हाताशी आणखी 5 दिवसांची 30 पाकिटे असावीत. म्हणजे शिल्लक 90 वर येताच नवे दळण लावावे. हा आकडा वहीच्या पानावर तांबड्या शाईने लिहून ठेवावा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या वा लग्नसराईच्या दिवसांत विक्री दुप्पट होत असल्यास तो 180 धरावा. पाकिटे, चिठ्ठ्या, खोकी व चिकटपट्टी यांचीही अशीच पातळी ठरवावी. माल तयार असून पिशव्यांवाचून मागण्या अडणे ही लाजिरवाणी गोष्ट होय.

मोजणी व परत आलेला माल

सर्व माल एकदम मोजण्याचा कंटाळा येतो, म्हणून आठवडे बाजाराच्या दिवशी एक पदार्थ मोजावा व महिन्याअखेर सर्व मोजणी पुरी करावी. वहीत 353 व फडताळात 349 आढळल्यास केवळ आकडा खोडून नवा लिहू नये. '4 कमी, कारण शोधणे' अशी नोंद करून मग शिल्लक दुरुस्त करावी. दोन-तीन महिन्यांच्या अशा नोंदी पाहिल्या की उंदीर, घरचा वापर, चुकीचे वजन की विसरलेली मागणी, हे कारण आपोआप स्पष्ट होते. बचतगटात ही मोजणी दोघींनी मिळून करावी व दोघींनी सही करावी. त्यामुळे कोणावर अकारण संशय येत नाही व गटातील विश्वास टिकतो.

परत आलेले पार्सल थेट फडताळात ठेवू नये. त्यासाठी वेगळी पेटी असावी. बंद मोहोर, वजन, वास व मुदत पाहूनच ते शिल्लकेत घ्यावे. उघडलेले वा ओल लागलेले खाद्यपदार्थ पुन्हा विकू नयेत. ते 'बाद' म्हणून लिहावेत. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे सदोष वा वर्णनाबरहुकूम नसलेला माल परत घेण्यास विक्रेत्यास नकार देता येत नाही. परतीचे कारणही लिहावे. एकाच बॅचची पाकिटे वारंवार फुटून येत असतील तर दोष वाहतुकीचा नसून पिशवीच्या जोडणीचा असण्याचा संभव असतो.

उपसंहार

वर सांगितलेल्या गोष्टींस मोठा खर्च लागत नाही. चार फळ्या, काही हवाबंद डबे, एक वजनकाटा व एक वही एवढ्यावर काम चालू होते. प्रारंभी एकच पदार्थ घ्यावा, त्याची नोंद तीन महिने न चुकता ठेवावी व तो हिशेब जमल्यावरच दुसरा पदार्थ विक्रीस काढावा. ज्या कुटुंबास रोज सायंकाळी घरात कोणता माल किती आहे, तो कोणत्या शेतातील आहे व किती दिवस पुरेल हे सांगता येते, त्यास सुगीच्या वेळी किती विकावे व किती राखावे हेही निश्चयाने ठरविता येते. ज्यांनी अद्याप अशी वही घातली नसेल त्यांनी येत्या भरणीच्या दिवशीच पहिल्या पानावर बॅच क्रमांक व पाकिटांची संख्या लिहून तिचा प्रारंभ करावा.